घोडेउतारावरची पिकअप

त्या वर्षी दादा घरी होते, आणि ते घरी असल्याचा आवाज सबंध आळीला ऐकू यायचा. दादा म्हणजे माझे वडील. माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात ते फिटर होते. एरवी दसऱ्यानंतर कारखान्याचा भोंगा वाजला की माणूस उन्हाळा लागेपर्यंत जेवण्या-झोपण्यापुरताच घरी दिसायचा. त्या वर्षी शेतात ऊसच उभा नव्हता, तर गाळणार काय? भोंगा वाजलाच नाही. कारखान्याच्या चाळीतलं बिऱ्हाड मोडून आम्ही नेकनूरच्या अलीकडच्या आमच्या गावी, बौद्धवाड्यातल्या घरी आलो. पहिले पंधरा दिवस दादांनी घरातली एकही वस्तू सुखानं जागेवर राहू दिली नाही. दाराच्या बिजागऱ्या, आईची शेगडी, शेजारच्यांच्या सायकली, सगळं खोलून पुन्हा बसवलं. सकाळी उठल्यापासून ठाण, ठाण, ठाण. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ह्यांला कुणीतरी एखादं मोठं मशीन आणून द्या बाई, न्हाईतर हे माझा तवा बी खोलत्याल."

आईच्या हातचं त्या दिवसांतलं खाणं मला अजून तोंडपाठ आहे. सकाळी ज्वारीची भाकरी आणि लाल तिखट, त्यावर तेलाचं बोट. संध्याकाळी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी, पण पातळ, इतकी पातळ की वाटीचा तळ दिसायचा. धाकटा भाऊ विचारायचा, "आय, ह्यात येसर हाय का नुसती आठवण हाय?" आणि आई हसायची. भांडी राखेनं घासून कापडानं पुसायची. हात धुतलेलं पाणी खाली ठेवलेल्या पाटीत पडायचं आणि ते शेळीला जायचं. आज माझ्या स्वयंपाकघरात नळ आहे. तरी भाजी धुतलेलं पाणी मी अजून कुंडीतच ओतते, आणि सून कौतुकानं म्हणते, आईंना झाडांची फार आवड. 

मोठं मशीन शेवटी आलं. आमच्या गावच्या दूध संस्थेनं दोन वर्षांपूर्वी मिलिटरीच्या लिलावात एक पिकअप घेतली होती, पुढची-मागची चारही चाकं ओढणारी. आसपासच्या वस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे हे तिचं काम. आता दूधच नव्हतं. संस्थेच्या ओट्यावर चाळीस-चाळीस लिटरचे कॅन ओळीनं पालथे पडलेले, आणि वारा सुटला की एकमेकांवर आपटून देवळातल्या घंटेसारखे वाजायचे. पिकअपही आजारी होती. डोंगरातल्या एका वाटेवर खालून दगड लागून तिचं चेंबर फुटलं होतं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखाली ऑइलची लोखंडी वाटी असते ती. ऑइल सगळं वाटेवर सांडलं, आणि ड्रायव्हर गाडी बैलांनी ओढून आणून, चावी टेबलावर ठेवून, कामाला पुण्याला निघून गेला.

संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळा गाव बप्पा म्हणायचा, ते एके सकाळी आमच्या दारात आले. उन्हातच उभे राहिले. दादांना म्हणाले, "वरच्या वाडीला टँकर चढत न्हाई. तालुक्याचा टँकरवाला घोडेउतार बघूनच माघारी फिरला. गडीमाणसं सगळी ऊसतोडीला लांब गेलीत. वर म्हातारी, बाया अन् लेकरं ऱ्हायलीत. खाली आपल्या बोअरला अजून पाणी हाय. फक्त न्यायचं कसं, एवढंच सांगा."

घोडेउतार ही आमच्याकडच्या डोंगरातली चढणीची जागा. नावातच सगळं आलं. पूर्वी घोड्यावरून येणारा कितीही मोठा असो, तिथं त्याला खाली उतरून लगाम हातात धरूनच चालावं लागायचं. कातळाच्या तीन पायऱ्या, गुडघाभर उंचीच्या, एका बाजूला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दादांनी पायात चपला सरकवल्या, मला हाक मारली, आणि आम्ही दोघं चालत घोडेउतार बघायला गेलो. तिथं ते तासभर उकिडवे बसून राहिले. हातात काठी होती, तिनं प्रत्येक पायरीची उंची मोजली, दोन पायऱ्यांमधलं अंतर मोजलं. नंतर म्हणाले, "गाडी चढंल. पोट तेवढं वाचवायला पाहिजे."

पुढचे वीस-बावीस दिवस मी जे पाहिलं त्याला आजही माझ्याकडे नीट शब्द नाही. आमच्या दादांना मी कामावर कधी पाहिलंच नव्हतं. बायका-मुलींना कारखान्याच्या आत कोण सोडतं? मला ठाऊक होते ते थकून आलेले, तेलकट कपड्यातले, जेवून झोपणारे दादा. संस्थेच्या अंगणात लिंबाखाली पिकअप उभी करून तिच्याभोवती फिरणारा हा माणूस वेगळाच होता. फुटलेलं चेंबर त्यांनी आधी सांधून घेतलं. कारखान्याच्या भंगारातला एक जाड पत्रा बप्पांनी रीतसर चिठ्ठी देऊन मागून आणला. लोहाराच्या भट्टीत तो लाल करून दादांनी त्याचं पुढचं तोंड सुपासारखं वर वळवलं. मी विचारलं, "सरळ का नाही बसवत?" तर म्हणाले, "सरळ कड दगडाला अडकती. सूप असलं की दगडावरनं घसरत जाती." पत्रा चेंबरखाली बसला, पण चेंबरला चिकटून नाही, मध्ये चार बोटं जागा सोडून. बोल्टांची डोकी त्यांनी पत्र्यात बुडवून घेतली, खाली हात फिरवला तर कुठं टोक लागू नये इतकी. आणि ऑइल बदलायला मध्ये एक भोक ठेवलं. मी गाडीखाली आडवी होऊन पाने पुढं करत होते, नट आवळत होते, आणि बघत होते. एखाद्या माणसाच्या डोक्यात इतकं सगळं, न दिसणारं, आधीच घडून गेलेलं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मागच्या चाकांवरच्या कमान पाट्यांत त्यांनी एकेक पाटा वाढवला, म्हणजे ओझ्यानं गाडी बसणार नाही आणि पोट दगडापासून दूर राहील. टायरच्या आत जुन्या टायरच्या पट्ट्या घातल्या, बाभळीच्या काट्यांसाठी. रेडिएटरपुढं जाळी आली. त्या वर्षी रस्त्यात घोट्याएवढा फुफाटा होता, इंजिन श्वास घेताना तो आत ओढायचं. म्हणून दादांनी हवेचं तोंड एका नळीनं टपापर्यंत उंच नेलं आणि त्यावर पालथं झाकण बसवलं. गावातल्या पोरांनी त्याला हुक्का नाव ठेवलं. सगळ्यांत अवघड प्रश्न पाण्याचा होता. बप्पा म्हणाले मोठी टाकी ठेवू. दादांनी मान हलवली. "टाकीतलं पाणी चढावर मागं पळतं, वळणावर बाजूला पळतं. गाडीच उलटी करंल ते." मग ते ओट्यावरच्या पालथ्या कॅनांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागच्या हौद्यात अँगलची चौकट बांधायला घेतली, प्रत्येक कॅनाला स्वतंत्र घर, वरून आवळायला पट्टी, आणि सगळ्यावर दोन मजबूत कमानी. वीस कॅन, वीस घरं. गच्च भरून झाकण लावलेल्या कॅनात पाण्याला पळायला जागाच नाही. बप्पांनी हात जोडले. ते मोठ्या घरचे, जमीनदार माणूस. त्यांनी माझ्या बापापुढं हात जोडलेले मी तेव्हा पाहिले.

राहिला प्रश्न चालवायचा. दादांच्या डाव्या पायाची बोटं कारखान्यात रोलरखाली गेलेली. क्लच दाबून धरणं त्यांना जमत नव्हतं. बप्पा आमच्या दारात आले होते; दादा पाने पुसत सहज म्हणाले, "सुमी चालवंल."

बप्पा म्हणाले, "पोरगी?"

"ट्रॅक्टर चालविती. कारखान्याच्या मोकळ्या रानात मीच शिकविलाय. तिच्याएवढा हलका पाय माझ्या वर्कशॉपात एकाचा न्हाई."

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. लग्नाच्या गोष्टी चालू होत्या. आईनं तो शब्द ऐकला आणि परातीतलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली. "कावून? गावात गडी मेलेत का? तिचं काही झालं म्हंजी?" दादांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "गडी जोर लावतेत. तिथं जोर कामाचा न्हाई." आई आत गेली. जाताना माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, तिला मी कुणीतरी दुसरीच दिसत होते.

पहिल्या दिवशी घोडेउताराखाली मी गाडी थांबवली. दादांनी दुसरी दांडी ओढून लहान गिअर टाकून दिला, चारही चाकं जोडली, आणि खाली उतरले. म्हणाले, "भरलेली घागर डोक्यावर घिऊन चालतीस ना? तसंच. मान हलवायची न्हाई, थांबायचं न्हाई, पळायचं न्हाई. माझ्या हाताकडं बघ. दरीकडं बघू नको." आणि ते माझ्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी, लंगडत, कातळावर चढू लागले. दोन्ही हात छातीसमोर. उजवा हलला की मी उजवीकडे, डावा हलला की डावीकडे. पुढचं चाक पहिल्या पायरीवर आलं, काचेतून दादा गेले आणि आभाळ आलं. मग चाक पलीकडे टेकलं आणि गाडीच्या पोटाखालून असा आवाज झाला की मला वाटलं सगळं संपलं. लोखंड कातळावरून खरवडत गेल्याचा तो आवाज दाढेत शिरला. मी ओरडले, "दादा!" आणि बघते तर दादा हसत होते. एवढं मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"वाजू दे! वाजायलाच बसविलाय त्यो!"

गाडी वर आली. माझ्या ब्लाऊजची पाठ घामानं चिकटली होती. समोर सपाट पठार, पिवळं, एकही हिरवं पान नाही, आणि टोकाला वीसेक घरांची वाडी. माणसं धावत आली आणि दहा पावलांवर थांबली. त्यांच्या हातात घागरी, हंडे, पितळी तांबे. पुढं किसनतात्या होते, वाडीतले सगळ्यांत वयस्कर. त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं?"

"दूध संस्थेच्या बोअरचं," दादा म्हणाले.

"अन् तुमी?"

"आमी बौद्धवाड्यातले."

एकही घागर पुढं आली नाही. कॅनांवर ऊन चमकत होतं. मी दादांकडे पाहिलं, ते चौकटीची पट्टी सोडवत होते, सावकाश, जणू काही घडतच नव्हतं. तेवढ्यात गर्दीतून माझ्याच वयाची एक बाई पुढं आली. कडेवर मुलगी होती. तिचं नाव गया. ती किसनतात्यांना म्हणाली, "तात्या, हे वर कुणी आणलं? त्येनीच ना? मग कुणाला इचारता?" तिनं तांब्या भरून घेतला, आधी लेकीला पाजला, मग स्वतः प्याली. गटागटा नाही. डोळे मिटून, घोट घोट. तिच्यामागं दुसरी आली. मग सगळ्या आल्या. किसनतात्या मात्र त्या दिवशी आपला हंडा रिकामाच घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातीनं भरून नेला.

मग रोजचं झालं. एक खेप सकाळी, एक दुपारी. गया माझ्यासाठी भाजलेले हुलगे पदराच्या गाठीत बांधून आणायची. तिचा नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर पार कर्नाटकाकडं गेलता. ती विचारायची, "भ्या वाटत न्हाई गं?" मी म्हणायचे, "लई वाटतं." ती म्हणायची, "मग बरंय. भ्या वाटणारं माणूस जपून चालतं."

चैत्रातली गोष्ट. दुपारची खेप घेऊन आम्ही वर पोहोचलो तर घागरी घेऊन कुणीच उभं नव्हतं. सगळी वाडी विहिरीजवळ जमली होती. आमचं पाणी माणसांना पुरायचं, जनावरांना नाही. म्हणून बाया कोरड्या विहिरीत उतरून झऱ्यातलं वाटी-वाटी गोळा करायच्या. गया उतरली होती. चढताना पायाखालचा दगड निसटला. दोरानं तिला वर काढून बाजेवर ठेवलं होतं. चेहरा राखेसारखा. पायाची बोटं हलत होती, पण बाज जराशी हलली तरी ती अशी किंचाळायची की लेकरं कान झाकत. कमरेचं हाड गेलं होतं.

"बीडला न्यावं लागंल," दादा म्हणाले. "आत्ता."

खांद्यावर बाज न्यायला वाडीत धडधाकट गडी चार नव्हते. राहिली गाडी. किसनतात्या म्हणाले, "मग कॅन उतरवा अन् तिला ठिवा." बाया पुढं झाल्याच. दादांनी दोन्ही हात वर केले.

"कॅन उतरवू नका."

सगळे थांबले. दादांनी समजावून सांगितलं. पाटे कडक केलेत. गाडी रिकामी असली की दगडावर चेंडूसारखी उडते. ओझं असलं तरच ती अंग टाकून बसते. "रिकाम्या गाडीत ही पोरगी खालपातूर टिकायची न्हाई."

"दगडं भरू की," कुणीतरी म्हणालं.

"भरायला वेळ जाईल, अन् उतारावर गडगडतील तिच्या अंगावर. कॅन बांधलेले हायत." दादांचा आवाज खाली आला. "पाणी परत न्यावं लागंल. सकाळी पुन्हा आणतो."

सकाळच्या पाण्यातलं त्या उन्हात घरोघरी थोडंच उरलं असणार. पंधरा-वीस बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढं आठशे लिटर पाणी होतं. मी आयुष्यात पुढं बरीच मोठी माणसं पाहिली, सभा पाहिल्या, त्यागावरची भाषणं ऐकली. पण त्या वेळी जे झालं तसं पुन्हा पाहिलं नाही. किसनतात्या पुढं आले. उघडलेलं एक झाकण होतं, ते त्यांनी आपल्या हातानं गच्च बसवलं, त्यावरची पट्टी आवळली आणि म्हणाले, "पाणी काय, उद्या पिऊ. उचला बाज."

दादांनी बाज कॅनांवर ठेवली नाहीच. चारी कोपऱ्यांना दोर बांधून ती वरच्या कमानींना टांगली, पाळण्यासारखी. गयाला जुन्या लुगड्याचं धडपं गुंडाळून बाजेला बांधलं. तिच्या दोन्ही अंगाला एकेक बाई कॅनांवर बसली, बाज झोका घेऊ नये म्हणून धरायला. किसनतात्या एक दगड उचलून मागच्या चाकाजवळ चालू लागले, गाडी सरकलीच तर चाकाखाली टाकायला. सत्तरीचा माणूस. गयाची मुलगी कुणाच्या तरी कडेवर रडत होती, तो आवाज पठारावर बराच वेळ आमच्या मागं येत राहिला.

उतरणं चढण्याहून वाईट. चढताना आभाळ दिसतं, उतरताना सगळं दिसतं. घोडेउताराच्या तोंडाशी दादा खिडकीपाशी आले. "ब्रेक इसर. ब्रेक मारलास की मागचं वजन पुढं येतं. इंजिनाला धरू दे." आणि पुन्हा समोर जाऊन उभे राहिले, या वेळी दरी त्यांच्या पाठीशी होती. मी त्यांचे हात पाहत होते आणि त्या हातांमागची पोकळी मला दिसत होती. गाडी घरघरत, एका पायरीवरून दुसरीवर, गाभण म्हशीसारखी जड पावलानं उतरू लागली. खालून पत्रा खरवडला. मागून गयाचा आवाज येईल म्हणून मी दात आवळले. आवाज आला तो तिच्याजवळच्या बाईचा, "बरी हाय, हलली न्हाई! चालू द्या!" दुसरी पायरी. तिसरीवर डावं चाक हवेत राहिलं. एक क्षण गाडी विचार करत थांबल्यासारखी झाली. माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला. दादांनी मान हलवली, एवढीशी. मी पाय तसाच वर धरला. चाक खाली टेकलं. वीस कॅन एकसाथ "धुम्म" असे बोलले, आणि बाज दोरांवर नुसती श्वास घेतल्यासारखी वर-खाली झाली.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गयाला तपासलं आणि विचारलं, हिला डोंगरातून कशी आणली, कारण हाड जागचं हललेलं नाही. दादांनी बाहेर उभ्या गाडीकडं बोट केलं. डॉक्टर व्हरांड्यात आले. कॅन, कमानी, टांगलेली बाज, हुक्का, सगळं बघत उभे राहिले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि आत गेले.

आम्ही पाणी घेऊन सकाळी उजाडतानाच वर निघालो. घोडेउताराच्या खाली ठोके ऐकू आले. वाडीतल्या बाया, म्हातारी माणसं, दहा-बारा वर्षांच्या पोरी कातळाच्या पायऱ्यांच्या कडा छिन्नीनं, पहारीनं, साध्या दगडानं फोडत होते. त्या कामाची कुठं हजेरी नव्हती. तालुक्याला कुणी अर्ज केला नव्हता. किसनतात्यांनी गाडी थांबवली, कॅनातून ओंजळीत पाणी घेतलं, प्याले, आणि पुन्हा पहार उचलली.

गया तीन महिन्यांनी परतली. तोवर पाऊस झाला होता, डोंगर पोपटी झाला होता, नवरा टोळीहून आला होता. हातात काठी होती आणि ती जन्मभर राहिली, पण ती चालत होती. मीच तिला आणायला गेले. या वेळी माझ्या पिशवीत लायसन होतं. घोडेउताराच्या मधोमध ती म्हणाली, "थांब. मला उतरू दे." नवऱ्यानं हात दिला. ती कातळापाशी गेली. पत्र्यानं ओढलेले पांढरे ओरखडे तिथं एकावर एक होते, काही पावसानं धुऊन मऊ झालेले. तिनं त्यांवरून काठीचं टोक फिरवलं, मग कडेला जाऊन खाली पाहिलं. फार वेळ पाहिलं. लहानपणापासून त्या वाटेनं चालत आलेली बाई ती.

"हितून आणलंस मला?"

"हितून."

ती येऊन बसली. दार लावलं. पदर सावरला आणि काच पुसली, आतून.

"आता सावकाश घे," ती म्हणाली. "त्या टायमाला मला नुसतं आभाळ दिसत होतं. बाकीचं सगळं बघायचं ऱ्हायलंय."